सणावाराचे कीवर्ड : ऑनलाइन विक्रीतील हंगामी शब्दांची निवड

ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक वस्तूपर्यंत पोचते ते शब्दांवरून. रस्त्याने जाताना आकाशकंदिलांची रांग दिसली की पाय आपोआप थबकतात. मोबाइलवर तसे होत नाही. तिथे शोधाच्या चौकटीत आधी काहीतरी लिहावे लागते आणि लिहिलेल्या शब्दांशी ज्या मालाची नोंद जुळते तो माल पुढे येतो. या नोंदीला व्यापारात लिस्टिंग म्हणतात आणि जुळणी घडवणाऱ्या शब्दांना कीवर्ड. ‘पितळी समई’, ‘मोत्यांची नथ’, ‘सुती साडी’ हे कीवर्ड बाराही महिने चालतात. ‘संक्रांतीचे वाण’, ‘गौरीचे मुखवटे’, ‘साखरगाठी’ यांना मात्र वर्षातून जेमतेम काही आठवडे मागणी असते. हे झाले हंगामी कीवर्ड.

हंगामी कीवर्डसाठी माल हंगामीच असावा लागतो असे नाही. पितळेचे छोटे निरांजन जानेवारीत हळदीकुंकवाचे वाण असते, भाद्रपदात पूजेचे साहित्य, दिवाळीत भेटवस्तू आणि लग्नसराईत रुखवताची वस्तू. शोधणारी व्यक्ती प्रत्येक वेळी निराळे काम मनात धरून येते आणि बहुतेकदा त्या कामाचेच नाव लिहिते. ‘निरांजन’ हा शब्द तिच्या मनात आलेलाही नसतो. तिने लिहिलेले असते ‘हळदीकुंकू गिफ्ट शंभर रुपयांच्या आत’. ज्या लिस्टिंगमध्ये फक्त वस्तूचे नाव, धातू आणि वजन आहे, ती या गिऱ्हाइकाला दिसतच नाही. म्हणून हंगामी शब्दांची निवड ‘ही वस्तू कोणत्या निमित्ताने घेतली जाते’ या प्रश्नापासून सुरू करावी. नथीसारख्या वस्तूला तर पाडवा, मंगळागौर, गौरी, नवरात्र, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि संक्रांत अशी वर्षभर पुरणारी निमित्ते मिळतात.

तिथीवरून उलटी मोजणी

इंग्रजी महिन्यांवर आखलेले विक्रीचे वेळापत्रक आपल्याकडे फसते. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षीच्या ऑगस्टची विक्री पाहून या ऑगस्टचे शब्द ठरवले तर दोन-अडीच आठवड्यांची चूक सहज होते. विक्रीच्या अहवालांत ‘मागील वर्षी याच महिन्यात’ अशी तुलना आयती तयार मिळते. सणांच्या मालासाठी ती निरुपयोगी आहे. त्यापेक्षा भिंतीवरची दिनदर्शिका घ्यावी, त्या वर्षाची तिथी पाहावी आणि तिथून दिवस मागे मोजावेत.

किती मागे, हे मालावर अवलंबून आहे. मखर, तोरणे, दिव्यांच्या माळा या वस्तू लोक आधी नुसत्या बघतात, तुलना करतात आणि मग घेतात. त्यांचे शब्द सणाआधी पाच-सहा आठवडे लिस्टिंगमध्ये गेलेले बरे. खणाच्या कापडाला त्याहून आधी सुरुवात करावी, कारण ते शिवायचे असते आणि गणपतीच्या तोंडावर शिंपी नवे काम घेत नाही. फराळाचे पदार्थ दोन-तीन आठवडे आधी चालतात. हलव्याचे दागिने आणि बोरन्हाणाचा काळा झबला संक्रांतीपुरता नसतो. हळदीकुंकवाचा काळ रथसप्तमीपर्यंत असल्याने हे शब्द १४ जानेवारीनंतरही ठेवायचे असतात, आणि उतावळे विक्रेते ते १५ तारखेला काढून टाकतात.

परदेशातील मराठी घरांसाठी मोजणी आणखी मागे न्यावी लागते. चकली-लाडवाचा डबा न्यू जर्सीला किंवा सिडनीला वसुबारसेपर्यंत पोचायचा तर प्रवास आणि कस्टम यांचे दिवस धरून नवरात्राच्या सुमारासच ‘दिवाळी फराळ परदेशी पार्सल’ हे शब्द जागेवर असावे लागतात. शिवाय दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. ऑस्ट्रेलियातील दिवाळी वसंतात येते, त्यामुळे ‘थंडीसाठी उटणे’ हे शब्द तिथे काही कामाचे नाहीत.

तिथींच्या बाबतीत सर्वांत जास्त दुर्लक्षित होतो तो अधिक महिना. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा हा महिना २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा श्रावणात पडला आणि २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा ज्येष्ठात. महाराष्ट्रात या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावून वाण देतात. त्यात चांदीचा किंवा तांब्याचा दिवा, ताम्हन, तेहतीस अनारसे किंवा बत्तासे असतात. ‘अधिक मास वाण’, ‘धोंड्याचा महिना’, ‘जावयासाठी भेट’, ‘तेहतीस अनारसे’ हे शब्द दोन-अडीच वर्षे कोणी विचारत नाही आणि मग महिनाभर उसळतात. गेल्या वर्षीच्या आकडेवारीत त्यांचा मागमूस नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअर ते सुचवत नाही. ज्याला पंचांग ठाऊक आहे त्यालाच ते सुचतात, आणि म्हणून या शब्दांवर स्पर्धा कमी असते.

देशभर माल पाठवणाऱ्याने दोन पंचांगांतला फरकही ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे तिकडचा ‘सावन’ आपल्या श्रावणाच्या साधारण पंधरा दिवस आधी सुरू होतो. उपवासाच्या पदार्थांच्या किंवा शिवपूजेच्या साहित्याच्या लिस्टिंगमध्ये ‘सावन’ आणि ‘श्रावण’ हे दोन वेगळे हंगाम समजावेत. वटसावित्रीचेही तसेच आहे. महाराष्ट्रात ती ज्येष्ठ पौर्णिमेला, तर उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी त्याआधीच्या अमावास्येला असते. पूजेच्या त्याच साहित्याला दोन पंधरवडे मिळतात. शुक्ल पक्षातल्या सणांना, म्हणजे गणेश चतुर्थी, नवरात्र, दसरा यांना हा फरक लागू होत नाही.

हवामानाच्या शब्दांचे गणित वेगळे. हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखांनुसार मोसमी पाऊस केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतो, पण रेनकोट शोधला जातो तो वळवाच्या पहिल्या सरीपासून. विदर्भात तेव्हा कूलर शोधणे चालू असते आणि शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. दप्तर, पावसाळी चपला, डबा यांची जाहिरात करताना जिल्हा किंवा शहर निवडता येत असेल तर नागपूर आणि रत्नागिरीला एकाच दिवशी एकच शब्द लावू नये.

शब्द सापडतात कुठे

सर्वांत विश्वासार्ह साधन फुकट आहे. ज्या संकेतस्थळावर माल विकायचा तिथल्या शोधाच्या चौकटीत ‘गणपती’ एवढेच लिहावे आणि खाली उघडणाऱ्या सूचना वाचाव्यात. त्या प्रत्यक्ष शोधांवर बेतलेल्या असतात. मग त्याच शब्दापुढे एकेक अक्षर लिहून पाहावे. चौरंग, डेकोरेशन, मखर, वस्त्र, हार अशी यादी अर्ध्या तासात तयार होते. हे काम हंगाम सुरू होताना, मध्यावर आणि शेवटच्या आठवड्यात असे तीनदा करावे, कारण सूचना बदलत जातात. आधी ‘मखर डिझाइन’ दिसते, शेवटी ‘मखर उद्या डिलिव्हरी’.

गूगल ट्रेंड्सवर २००४ पासूनचे आलेख पाहता येतात आणि राज्य निवडून फक्त महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा कल तपासता येतो. तिथले आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळातील सर्वोच्च बिंदू १०० धरून बाकीचे त्याच्या तुलनेत मांडलेले असतात, त्यामुळे ‘किती लोक’ यापेक्षा ‘कधीपासून’ हे समजून घ्यायला ते उपयोगी. पाच वर्षांचा आलेख घेतला तर शब्द सणाच्या किती दिवस आधी चढू लागतो ते स्पष्ट दिसते.

इथे एक सापळा आहे. ज्या शब्दाचा आलेख सर्वांत उंच, तो विक्रीचा असेलच असे नाही. ‘गणपती’ शोधणाऱ्यांत आरती ऐकणारे, वॉलपेपर उतरवून घेणारे आणि शाळेचा निबंध लिहिणारे असंख्य असतात. ‘गुढीपाडवा शुभेच्छा’, ‘दिवाळी रांगोळी सोपी’, ‘मोदक रेसिपी’ यांनाही तेच लागू पडते. या शब्दांवर पैसे देऊन जाहिरात करणे म्हणजे लग्नाच्या मांडवात वऱ्हाड सोडून वाटसरूंना जेवायला बसवणे. ट्रेंड्सवर सर्वसाधारण शोधाऐवजी खरेदीचा पर्याय निवडला तर हा गाळ बराच कमी होतो. जाहिरातीत ‘चित्र’, ‘फोटो’, ‘निबंध’, ‘मोफत’ हे शब्द नकारात्मक कीवर्ड म्हणून नोंदवावेत, म्हणजे त्यांच्यासोबतच्या शोधाला जाहिरात दिसत नाही. याउलट ‘साचा’, ‘संच’, ‘किंमत’, ‘अर्धा किलो’, ‘१२ इंची’, ‘घरपोच’ हे जोडशब्द घेणाऱ्याचे असतात. ‘मोदक’ मोठा शब्द आहे, पण विक्री होते ती ‘उकडीच्या मोदकाचा साचा’ यावर.

आणखी एक खाण म्हणजे गिऱ्हाइकांचे स्वतःचे बोलणे. व्हॉट्सॲपवरच्या चौकशा, वस्तूखाली विचारलेले प्रश्न, अभिप्राय यांतले शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत. कारागीर साडीला ज्या नावाने ओळखतो ते सोडून घेणारी तिला ‘शिवलेली नऊवारी’ किंवा ‘रेडी टू वेअर नऊवारी’ म्हणते. लिस्टिंग तिच्या शब्दांत असावी.

एक शब्द, दहा रूपे

मराठी गिऱ्हाईक मराठीत विचार करते, पण बरेचदा रोमन अक्षरांत लिहिते आणि तिथे कसलाच नियम नसतो. ‘कंदील’ लिहिताना कुणी एकच आय वापरतो, कुणी दोन ई. ‘आकाश’ एका एने सुरू होते किंवा दोन एंनी, आणि दोन शब्द जोडून किंवा तोडूनही लिहिले जातात. ‘नऊवारी’त कुणी व्ही घालतो, कुणी डब्ल्यू, आणि काही जण सरळ ९चा आकडा लिहून पुढे वारी जोडतात. ‘हलव्याचे’ या शब्दाचे तर हाल विचारू नयेत. शोधयंत्रणा काही चुका समजून घेते, पण प्रादेशिक शब्दांच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची दोन-तीन रूढ रोमन रूपे नोंदवणे गरजेचे असते.

मग येतात इतर भाषांतील नावे. मराठी घरात जी भगर किंवा वरई, तीच उत्तरेत समा किंवा समक या नावांनी शोधली जाते. उपवासाचे पीठ विकणाऱ्याने ही सगळी नावे द्यावीत. मराठी ‘कंदील’ मुंबईत अनेकांच्या तोंडी ‘कंडील’ असतो. गोव्यात गणेश चतुर्थी म्हणजे ‘चवथ’ आणि सजावटीचा विषय निघाला की माटोळी आलीच. गोव्यात माल पाठवणाऱ्याने मखराच्या पुढे हे शब्द जोडले तर चार ऑर्डरी जास्त येण्याची शक्यता असते. पाडव्याच्याच दिवशी उगादी आणि त्याच सुमारास चेटीचंड असते. तोरण किंवा पूजेच्या ताटाला हे शब्द चालतात, गुढीच्या तयार संचाला अर्थातच नाहीत.

नवरात्राचे नऊ रंग हा महाराष्ट्रापुरता तरी स्वतंत्रच हंगाम झाला आहे. यातले पहिले सात रंग वारावरून ठरतात : रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा. उरलेल्या दोन दिवसांत मोरपंखी, गुलाबी किंवा जांभळा असतो. घटस्थापना कोणत्या वारी आहे हे कळले की क्रम लावता येतो. तरी साडी किंवा कुर्ता विकणाऱ्याने ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’ असे शब्द त्या वर्षीची यादी जाहीर झाल्यावरच घालावेत. करड्या रंगाची गोष्ट विशेष आहे. एरवी करडी साडी कपाटातून हलत नाही. शनिवारच्या आदल्या आठवड्यात मात्र ‘करडी’, ‘राखाडी’ आणि ‘ग्रे’ या तिन्ही नावांनी तिचा शोध घेतला जातो.

कोणता शब्द कोणत्या खणात

लिस्टिंगमध्ये शब्दांसाठी साधारण चार जागा असतात : शीर्षक, ठळक मुद्दे, वर्णन आणि गिऱ्हाइकाला न दिसणारी शोधशब्दांची चौकट. शीर्षकात आधी वस्तू काय आहे ते यावे, मग साहित्य आणि माप, आणि त्यानंतर निमित्त. मोबाइलच्या पडद्यावर शीर्षकाची सुरुवातच तेवढी दिसते. ‘दिवाळी स्पेशल धमाका’ने सुरू होणाऱ्या शीर्षकात वस्तू दिसायच्या आतच ओळ संपते. एका वेळी शीर्षकात एकच सण ठेवावा. तोरणाच्या शीर्षकात पाडवा, गणपती, दसरा, दिवाळी आणि वास्तुशांत एकदम कोंबली की वाचणाऱ्याला त्यातले काहीच आपल्यासाठी वाटत नाही. बाकीची निमित्ते वर्णनात पूर्ण वाक्यांत सांगता येतात.

न दिसणारी चौकट ही रोमन रूपांची, चुकीच्या पण रूढ लेखनाची आणि परभाषांतील नावांची जागा. शीर्षकात आलेला शब्द इथे पुन्हा लिहिण्यात अर्थ नसतो. ‘सर्वोत्तम’, ‘नवीन’, ‘सवलतीत’ असे शब्द आणि दुसऱ्याच्या ब्रँडचे नाव तर अमेझॉनच्या नियमांनुसार इथे चालतच नाही. या चौकटीची मर्यादा अमेझॉनवर अक्षरांत नसून बाइटमध्ये मोजली जाते आणि देवनागरी लिहिणाऱ्याला ती महागात पडते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही वेगळी चिन्हे धरली जातात. ‘आकाशकंदील’ देवनागरीत २७ बाइट खातो, रोमन लिपीत ११. चौकट २०० बाइटची असेल तर देवनागरी चिन्हे जेमतेम ६६ मावतात. म्हणून देवनागरी शब्द शीर्षकात आणि वर्णनात वापरावेत आणि ही चौकट रोमन रूपांसाठी राखावी. अमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांनी २०२१ मध्ये मराठीचा पर्याय आणल्यापासून देवनागरी वर्णन वाचले जाण्याची शक्यता वाढली आहे, हेही त्यामागचे एक कारण. एट्सीवर हस्तकला विकणाऱ्यांना निराळी शिस्त पाळावी लागते. तिथे प्रत्येक वस्तूला १३ टॅग आणि प्रत्येक टॅगला २० अक्षरे मिळतात. त्यांतले तीन-चार टॅग हंगामी ठेवून बाकीचे बारमाही ठेवणे सोयीचे.

छायाचित्र हाही एका अर्थाने शब्दच. ‘संक्रांत वाण’ शोधून आलेल्या बाईला पहिल्या चित्रात बर्फाचे तुकडे आणि ख्रिसमसचे झाड दिसले तर ती पुढे उघडणार नाही. कीवर्ड बदलला की निदान दुसरे-तिसरे चित्र तरी त्या सणाचे असावे. लोक बघून, न घेता परत जाऊ लागले की त्या शब्दासाठी लिस्टिंगचा क्रम खाली घसरतो.

जो शब्द लावता येत नाही

हंगामात सर्वाधिक चालणारे काही शब्द कायद्याने बांधलेले आहेत. ‘हापूस’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांतील आंब्यासाठी आहे. फेब्रुवारीपासून ‘देवगड हापूस पेटी’ शोधली जाऊ लागते, पण दुसरीकडचा आंबा या शब्दाखाली विकणे ही फसवणूक ठरते. पैठणीचेही तसेच. बाजारात ‘सेमी पैठणी’ हा प्रामाणिक शब्द रुळलेला आहे आणि तो भरपूर शोधलाही जातो, तेव्हा यंत्रमागावरच्या साडीला तोच लावावा.

गणपतीच्या दिवसांत ‘इको-फ्रेंडली’चा पूर येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘पर्यावरणपूरक’ असे मोघम लिहून भागत नाही. कशामुळे, ते सांगावे लागते. मूर्ती शाडूची असेल तर ‘शाडू माती’ आणि रंग कसले ते लिहावे. हे शब्द मोघम शब्दांपेक्षा नेमके असल्याने शोधातही जास्त उपयोगी पडतात. फराळात ‘शुगर फ्री’ हा असाच मोहाचा शब्द. गुळाचे लाडू साखर न घालता केलेले असतात, पण शुगर फ्री नसतात. ते खाणारा मधुमेही असू शकतो.

‘दिवाळीपर्यंत हमखास पोचेल’ हाही एक दावाच आहे. कुरिअर ज्या तारखेपर्यंत घेतलेला माल वेळेत पोचवू शकते त्या तारखेनंतर तो शब्द आणि त्या शब्दावरची जाहिरात दोन्ही बंद करावेत. भाऊबीजेनंतर पोचलेल्या कंदिलाचा अभिप्राय पुढच्या दिवाळीतही लिस्टिंगखाली दिसत राहतो.

हंगाम सरल्यावर

विसर्जन झाले की गणपतीचे शब्द शीर्षकातून काढावेत. पितृपक्षात ‘गणपती स्पेशल’ मिरवणारे दुकान बेवारस दिसते. पण लिस्टिंग बंद करून पुढच्या वर्षी नवी उघडणे ही मोठी चूक आहे. जुन्या लिस्टिंगला विक्रीचा इतिहास आणि अभिप्राय असतात, आणि क्रम ठरवताना शोधयंत्रणा ते मोजते. माल संपला तर साठा शून्य करून ठेवावा आणि नोंद जिवंत राहू द्यावी. स्वतःचे संकेतस्थळ असेल तर दिवाळीच्या पानाचा पत्ता वर्ष न घालता कायमचा ठेवावा आणि दरवर्षी त्याच पानावर नवा मजकूर चढवावा. वर्षाचा आकडा दिनदर्शिका, डायरी, पंचांग अशा मालालाच लागतो, आणि तिथे तो अगदी आवश्यक असतो.

शब्द काढण्यापूर्वी त्यांचा हिशेब उतरवून घ्यावा. जाहिरातीचा शोधशब्द-अहवाल कोणत्या शब्दावर किती क्लिक आणि किती ऑर्डरी आल्या ते सांगतो. बऱ्याच ठिकाणी तो ठरावीक दिवसांपुरताच उपलब्ध असतो, त्यामुळे वेळेत उतरवून ठेवावा लागतो. वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक शब्दासमोर पहिली ऑर्डर कधी आली आणि शेवटची कधी, हे इंग्रजी तारखेबरोबर ‘चतुर्थीच्या ३१ दिवस आधी’, ‘लक्ष्मीपूजनाच्या ४ दिवस आधी’ अशा मोजणीतही लिहावे. एक स्तंभ अशा शब्दांसाठी ठेवावा ज्यांवर चौकशी आली पण माल नव्हता : ‘लहान मुलाची नऊवारी’, ‘दोन फुटी गौरी स्टँड’, ‘बिनतेलाची चकली’. पुढच्या मोसमाची खरेदी या स्तंभावरून करता येते.